एकच 'पंच', पण शब्द किती?

दुभाषी

गेले दोन महिने एका जुन्या इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय. त्यात एक प्रसंग असा: म्हातारा खलाशी मित्रांसोबत बसलाय, समोर गरम पंचचं मोठं भांडं आहे, आणि नातवाचं पत्र वाचून तो 'अ‍ॅज प्लीज्ड अ‍ॅज पंच' होतो. मी लिहिलं, 'पंच चढल्यासारखा तो खुलला.' भांडं समोर आहे, माणूस खूश आहे, मग अर्थ दुसरा काय असणार? संपादकांनी त्या ओळीखाली रेघ मारून समासात चारच शब्द लिहिले: 'हा पंच तो नव्हे.'

मग मोठा कोश उघडला. तिथे 'पंच' एकदा नाही, अनेकदा येतो. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर बारीक आकडा: १, २, ३, ४... हे आकडे मी वर्षानुवर्षं पाहत आले, पण ते का असतात हे कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. आता कळलं. एका शब्दाला अर्थाच्या फांद्या फुटल्या तर त्या एकाच नोंदीखाली जातात. मुळंच वेगळी असली तर कोशकार नवा आकडा देतो, म्हणजे तो शब्दच दुसरा. लिहिण्यात आणि उच्चारात योगायोगाने सारखा झालेला, इतकंच.

मराठीत 'वर' घ्या. लग्नातला वर आणि देवाने दिलेला वर हे भाऊभाऊ आहेत, दोघांचं मूळ 'वृ', म्हणजे निवडणे, पसंत करणे. पण 'टेबलावर', 'वर बघ' यातला वर संस्कृत 'उपरि' झिजून आलेला. त्याचा त्या दोघांशी काही संबंध नाही. तिघेही आपण एकाच तोंडाने म्हणतो आणि कधी गोंधळत नाही, म्हणून हा फरक लक्षातही येत नाही.

तर इंग्रजी पंचचा माझा आतापर्यंतचा हिशेब असा. एक पेय. एक बाहुली, आणि माझ्या वाक्यातला पंच हाच. एक ठोसा. एक भोक पाडायचं किंवा ठसा उमटवायचं हत्यार. शिवाय 'बुटका आणि जाडा' असा एक अर्थ, जो घोड्याच्या एका जातीच्या नावात अजून टिकून आहे.

माझे प्रश्न दोन. पेयाचा पंच खरोखर आपल्या 'पाच'वरून गेला का? आणि ठोसा व हत्यार हे एकाच शब्दाचे दोन अर्थ, की दोन शब्द? माहीतगारांनी सविस्तर लिहावं. घाई नाही, पण ती ओळ अडून बसली आहे.

उंबरठा

वाचतोय. क्रिकेटमधला पंच, पंचनामा, पंचायत, हे यात धरायचे का?

दुभाषी

नाही हो, ते आपले घरचे. पाच जणांनी बसून न्याय करायचा म्हणून पंच. पुढे एकटाच उभा राहिला तरी नाव तेच राहिलं. इंग्रजी पंचबद्दलच बोलू. पण पेयाची गोष्ट खरी निघाली तर दोघं एका घरचे ठरतील, हेही खरं.

जुनाकोश

दुभाषीताई, बाहुलीपासून सुरुवात करतो, कारण तुमची ओळ तिथेच अडली आहे.

इटलीत नेपल्सकडच्या मुखवट्यांच्या नाटकांत 'पुल्चिनेल्ला' नावाचं पात्र होतं. पांढरा घोळदार अंगरखा आणि पक्ष्याच्या चोचीसारखं नाक. 'पुल्चिनो' म्हणजे कोंबडीचं पिल्लू, त्यावरून हे नाव आलं असं मानतात. इटालियन खेळवाल्यांनी हे पात्र बाहुलीच्या रूपात इंग्लंडला नेलं. सॅम्युअल पीप्स या रोजनिशीकाराने ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये असा बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद केली आहे. इंग्रजांच्या तोंडी पुल्चिनेल्लाचा 'पंचिनेल्लो' झाला आणि त्याला तोडून उरला पंच.

हा पंच कुबडा, वाकड्या नाकाचा, हातात सोटा घेतलेला. खेळात तो बायकोला बडवतो, शिपायाला बडवतो, फाशी द्यायला आलेल्या माणसालाच फासावर लटकवतो, आणि दर वेळी स्वतःवर बेहद्द खूश होतो. खेळ करणारा तोंडात एक छोटी पिपाणी धरून त्याचा चिरका आवाज काढतो. तेव्हा 'अ‍ॅज प्लीज्ड अ‍ॅज पंच' म्हणजे त्या बाहुलीइतका खूश. त्यात पेयाचा थेंबही नाही. वाक्यात पंच हे विशेषनाम आहे, म्हणून छापतानाही पहिलं अक्षर मोठं घेतात. तुमच्या संपादकांची नजर बहुधा त्या मोठ्या अक्षरावर गेली असेल.

बुटक्या-जाड्या अर्थाचंही मूळ इथेच. पुन्हा पीप्सच साक्षीला येतो. ३० एप्रिल १६६९ च्या नोंदीत तो लिहितो की गल्लीतली गरीब माणसं आपल्या गुटगुटीत पोराला पंच म्हणताना त्याने ऐकली, आणि जे जे जाड व आखूड त्या सगळ्याला आता हाच शब्द रूढ झालाय. खेळ पाहिल्याच्या नोंदीपासून सात वर्षांत विशेषनामाचं सामान्यनाम झालेलं त्याने कागदावर पकडलं! शब्दाचा जन्म असा तारखेसह सापडणं फार दुर्मीळ. 'सफोक पंच' हा तांबूस रंगाचा, आखूड पायांचा, भरदार अंगाचा नांगराचा घोडा, त्याचंही नाव या अर्थाशी जोडतात. आजचे सगळे सफोक पंच १७६८ साली जन्मलेल्या एका घोड्याचे वंशज मानले जातात.

तेव्हा तुमच्या यादीतला पाचवा पंच वेगळा धरू नका. तो बाहुलीच्याच पोटात जातो.

निळीशाई

जुनाकोश, सुंदर. 'पंच' नावाचं लंडनचं विनोदी साप्ताहिक याच बाहुलीवरून ना?

जुनाकोश

हो. १८४१ ते १९९२ पर्यंत चाललं. पुढे १९९६ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि २००२ मध्ये कायमचं थांबलं. त्याचं एक देणं आपण रोज वापरतो. 'कार्टून' हा मूळचा चित्रकारांचा शब्द. इटालियन 'कार्तोने' म्हणजे जाड कागद, आणि भिंतीवर चित्र काढण्याआधी त्या कागदावर पूर्ण मापाचं जे कच्चं चित्र काढतात ते कार्टून. १८४३ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या नव्या इमारतीसाठी अशा कच्च्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. त्यावर टीका म्हणून या साप्ताहिकाने आपलं व्यंगचित्र 'कार्टून क्रमांक १' म्हणून छापलं. तेव्हापासून कार्टून म्हणजे व्यंगचित्र.

लखनौला १८७७ मध्ये 'अवध पंच' निघालं, मुंबईत पारशी मंडळींनी 'पारसी पंच' काढलं होतं, तेच पुढे 'हिंदी पंच' झालं. वाचकाला वाटावं की आपले न्यायनिवाडा करणारे पंच. नाव दोन्हीकडून शोभलं.

फिटरकाका

हत्याराबद्दल मी सांगतो, तीस वर्षं हातात वागवलंय.

कामगाराच्या पेटीत पंच एक नसतो. सेंटर पंच म्हणजे टोकदार पोलादी दांडी. जिथे ड्रिल करायचं तिथे टोक टेकवून हातोडीने एक ठोका द्यायचा, की छोटा खड्डा पडतो. त्या खड्ड्यात ड्रिलचं टोक बसतं आणि घसरत नाही. सेंटर पंचाचं टोक ९० अंशांचं. त्याच्याहून अणकुचीदार तो प्रिक पंच, फक्त आखलेल्या रेघेवर बारीक ठिपके पाडायला. आरपार भोक पाडणारा पंच वेगळा, पिन ठोकून बाहेर काढणारा वेगळा, आकडे-अक्षरं उमटवणारा वेगळा.

यातला एकही मुठीने मारत नाही. पंच टोचतो, ठोकते ती हातोडी. म्हणून ठोसा आणि हत्यार एकच शब्द असतील असं मला कधी वाटलं नाही.

निळीशाई

काका, 'टोचतो' म्हणालात आणि नेमकं मूळच सांगून गेलात. लॅटिन 'पुंगेरे' म्हणजे टोचणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमधलं टोचायचं हत्यार 'पॉन्सॉन', इंग्रजीत ते 'पंचन' झालं आणि आखूड होऊन पंच. त्याच 'पुंगेरे'चं कुटुंब केवढं मोठं आहे बघा: टोचलेला ठिपका तो पॉइंट, नेमक्या ठिपक्यावर येणारा पंक्च्युअल, वाक्यात ठिपके देणं ते पंक्च्युएशन, नाकाला टोचणारा वास तो पंजंट, काळजाला टोचणारं ते पॉइनंट, सुया टोचायचा उपचार तो अ‍ॅक्युपंक्चर. आणि टायरचं पंक्चर! म्हणजे तुमच्या पेटीतला पंच आणि रस्त्यात गाठणारं पंक्चर सख्खे नातेवाईक.

आता ठोसा. तुम्हाला ते दोन शब्द वाटतात, पण मला वाटतं तिथे जवळचं नातं आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत 'पंच' हे क्रियापद सापडतं ते ढोसणे, टोचणे या अर्थाने, मुठीने मारणे नव्हे. मुठीचा अर्थ सोळाव्या शतकातला. काठीने ढोसायचा जुना अर्थ अमेरिकेतल्या 'काउपंचर'मध्ये शिल्लक आहे: गुरांना लांब काठीने ढोसत रेल्वेच्या डब्यात चढवणारा तो काउपंचर. आधी काठीचं टोक, मग बोट, मग मूठ, असा अर्थ सरकत गेला असावा. काही कोश यांना एकत्र ठेवतात, काही वेगळे आकडे देतात. फरक एवढाच की कोशकाराने मुळाकडे पाहिलं की वापराकडे.

फिटरकाका

पटलं. ढोसणे म्हटलं की सरळ ओळ लागते.

उंबरठा

ऑफिसात 'पंच केलंस का' म्हणतात तोही हत्याराचाच ना?

निळीशाई

हो. पूर्वी हजेरीचं कार्ड यंत्रात सरकवलं की त्यावर भोक किंवा ठसा पडायचा. आता बोट टेकवतात, भोक कुठेच पडत नाही, पण शब्द राहिला. पंच कार्डाची परंपराही हीच. १८०४ च्या सुमारास जाकार यांनी विणकामाच्या मागाला भोकांच्या पुठ्ठ्यांनी नक्षी शिकवली आणि १८९० च्या अमेरिकी जनगणनेत होलरिथ यांच्या यंत्रांनी भोकं मोजून माणसं मोजली. संगणकाच्या आधीची स्मृती ही अशी टोचून ठेवलेली होती.

दर्यावर्दी

आता पेय. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण यात आपला शब्द गुंतला आहे.

या शब्दाची सर्वांत जुनी ज्ञात इंग्रजी नोंद १६३२ ची. ईस्ट इंडिया कंपनीतल्या एका माणसाने हिंदुस्थानातूनच आपल्या सहकाऱ्याला पत्रात पंच पिण्याबद्दल बजावलं आहे. १६५३ मध्ये ल बुले-ल-गुझ हा फ्रेंच प्रवासी 'बोलपोंज' अशा नावाचं पेय सांगतो आणि म्हणतो की इंग्रज हिंदुस्थानात ते पितात. त्याने दिलेले घटक: साखर, लिंबाचा रस, दारू, जायपत्री आणि भाजलेलं बिस्किट. मोजा, पाच! 'बोल' म्हणजे इंग्रजी 'बोल', वाडगा. वाडगाभर पंच, म्हणून बोलपोंज.

सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार जॉन फ्रायर. कंपनीचा डॉक्टर, १६७० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर राहिलेला, जुन्नरपर्यंत जाऊन आलेला. त्याचं पुस्तक १६९८ साली लंडनला छापलं. त्यात तो स्पष्ट लिहितो की या पेयाला 'पाँच' म्हणतात, हा हिंदुस्थानी भाषेत पाचाचा आकडा आहे, आणि घटक पाच असल्यामुळे हे नाव. वर वैद्यकातला दाखलाही देतो: पाच द्रव्यांच्या औषधाला डॉक्टर लोक ग्रीक 'पेंते'वरून 'डायापेंते' म्हणतात, तसंच हे. त्याने तिथे राहून, भाषा कानाने ऐकून लिहिलंय. घटक मोजून नाव ठेवायची रीत आपल्या भाषांत किती मुरलेली आहे ते सांगायला नको: पंचांग घ्या, पंचामृत घ्या.

मला तरी शंका उरत नाही.

ओलीपाटी

दर्यावर्दी, साक्षी छान मांडल्यात. पण शंका उरते, आणि ती स्वराची आहे.

शाळेत सगळ्यांना पडलेला प्रश्न आठवा: पी-यू-टी पुट, मग बी-यू-टी बट का? उत्तर असं की सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन्हींत 'उ'च होता. कपला कुप, कटला कुट म्हणत. मग दक्षिण इंग्लंडात बहुतेक शब्दांतला हा ऱ्हस्व 'उ' 'अ'कडे सरकला. प, ब, फ यांसारख्या ओठांच्या व्यंजनांजवळ काही शब्दांत तो टिकला, म्हणून पुट, फुल, बुश तसेच राहिले. उत्तर इंग्लंडात आजही कपला 'कुप' म्हणतात.

आता १६३२ चं पत्र पाहा. तेव्हा हा शब्द इंग्रजाच्या तोंडी 'पुंच' असणार. १६३८-३९ च्या सुमारास हिंदुस्थानात आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तो 'पालेपुंट्स' असा लिहिला. 'पुं', पाँ नाही. आपल्या 'पाच'मधला लांब 'आ' इंग्रजाने 'पुं' असा ऐकला, हे पटायला जड जातं. पंडित, ठग, जंगल यांत इंग्रज यू लिहितात हे खरं, पण ते शब्द इंग्रजीत आले ते 'उ'चा 'अ' होऊ लागल्यावर. फ्रायर 'पाँच' लिहितो, तेव्हा तो मूळ सांगतोय की ऐकलेल्या नावाला मागाहून मूळ चिकटवतोय? पहिल्या नोंदीनंतर त्याच्यापर्यंत चार दशकं गेली होती.

म्हणूनच काही जण दुसरं मूळ सुचवतात: 'पंचन' म्हणजे मोठं पिंप. जहाजावर दारू पिंपांतूनच जायची. पिंपाच्या नावावरून पेयाला नाव. हे पिंपाचं नावही टोचणाऱ्या हत्यारावरून, कारण पिंपांवर ठसा मारत, असा एक तर्क आहे. तो खरा असेल तर पेय आणि फिटरकाकांची पेटी एकाच घरात जातील.

दर्यावर्दी

स्वराचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. त्यावर माझं म्हणणं दोन प्रकारचं.

एक, आपल्याकडे पाचाला फक्त 'पाच' म्हणत नाहीत. समासात तो 'पंच' होतो, ऱ्हस्व 'अ' आणि पुढे अनुनासिक: पंचरंगी, पंचधातू. आपला ऱ्हस्व 'अ' परक्या कानाला धड 'आ' वाटत नाही, धड 'उ' वाटत नाही. शिवाय कंपनीच्या जहाजांवर इंग्लंडच्या साऱ्या परगण्यांतली माणसं होती, सगळ्यांचे स्वर एकसारखे कसे असतील?

दोन, पिंपाचं मूळ धरलं तर एक गोष्ट सुटत नाही. हे पेय सगळ्या जुन्या साक्षींत हिंदुस्थानात भेटतं. पिंपं तर इंग्रज जिथे जात तिथे सगळीकडे होती. मग नाव नेमकं इथेच का रुजावं?

ओलीपाटी

दुसरा मुद्दा मला जास्त पटतो. पेयाचा जन्म इकडचा, यात माझं दुमत नाहीच. नावाच्या बाबतीत मी 'बहुधा' हा शब्द सोडणार नाही. आपल्या भाषेतून जगभर गेलेला शब्द म्हटलं की मन हरखतं, आणि हरखलेल्या मनाला स्वर ऐकू येत नाहीत. माझंही तसं होतं, म्हणून मुद्दाम जपते.

जुनाकोश

दोघांनाही मनापासून दाद. बहुतेक कोश पाचाचं मूळ पुढे ठेवतात आणि सोबत 'बहुधा' लावतात. मीही तिथेच थांबतो.

खिळेजुळारी

आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलं. पंचचा आमचा अर्थ अजून कुणी सांगितला नाही, म्हणून लिहितो.

शिशाचं अक्षर, ज्याला आम्ही खिळा म्हणतो, ते जन्माला येतं पंचातून. पोलादाच्या बारीक दांडीच्या टोकावर कारागीर अक्षर उलटं कोरतो, आरशात दिसावं तसं. त्याला पाणी देऊन कडक करतो. मग तो पंच तांब्याच्या तुकड्यावर एका ठोक्यात उमटवतो. तो तांब्यातला खळगा म्हणजे मातृका. मातृकेत शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा रस ओतला की खिळा तयार. एका पंचातून मातृका कितीतरी, एका मातृकेतून खिळे हजारो. म्हणजे एखाद्या टाइपातली सगळी पुस्तकं त्या एका दांडीच्या टोकावरून आलेली असतात. अक्षराच्या पोटातली पोकळी, जसं 'व'चं किंवा 'भ'चं पोट, कोरून काढणं फार अवघड, म्हणून तेवढ्यापुरता वेगळा काउंटर पंच करून ती ठोकून खोल करत.

आता मुख्य गोष्ट. १७७८ साली हुगळीला हालहेड यांचं बंगाली व्याकरण छापलं, तेव्हा चार्ल्स विल्किन्स यांच्यासोबत बंगाली अक्षरांचे पंच कोरणारा कारागीर लोहार समाजातला होता. नाव पंचानन कर्मकार. पुढे तो सेरामपूरला विल्यम कॅरी यांच्या छापखान्यात गेला, देवनागरीचं काम हाती घेतलं आणि आपल्या जावयाला, मनोहरला, ही विद्या शिकवली. त्याच छापखान्यातून १८०५ मध्ये कॅरी यांचं मराठी भाषेचं व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापून निघालं.

पंचानन म्हणजे पाच तोंडांचा. पंचाननाने पंच कोरले. या दोन 'पंचां'चा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला आजच निळीशाई यांच्यामुळे कळलं. पण मराठी अक्षर शिशात उतरलं त्या वाटेवर हे दोन्ही शब्द एकाच माणसाच्या अंगाला लागले होते, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

दुभाषी

खिळेजुळारी काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. या धाग्याचं सार्थक झालं.

फिटरकाका

उलटं अक्षर पोलादात कोरणं, तेही भिंगाखाली. हाताला काय शिस्त असेल!

उंबरठा

मला एक वेगळीच शंका. इंग्रजीतलं 'फाइव्ह' आणि आपलं 'पंच' एकच मानतात ना? मग हा आकडा इंग्रजीत आधीपासून होताच, पेयाच्या आधी?

जुनाकोश

अगदी बरोबर. एकाच आदिम शब्दापासून संस्कृत 'पञ्च', ग्रीक 'पेंते', लॅटिन 'क्विंक्वे', फारसी 'पंज' आणि इंग्रजी 'फाइव्ह'. जर्मनिक भाषांत शब्दाच्या सुरुवातीचा 'प' 'फ' झाला: पितृ आणि फादर, पद आणि फूट, तसंच पञ्च आणि फाइव्ह. पेंटॅगॉन ग्रीकमधून आला, क्विंटेट लॅटिनमधून, पंजाब फारसीतून. पेयाचं मूळ पाच असेल, तर इंग्रजांनी हाच शब्द आणखी एका दाराने घरात घेतला.

आणि एक चमत्कार सांगतो. फारसी 'पंज'वरून 'पंजा', पाच बोटांचा हात. इंग्रजीतलं 'फिस्ट', म्हणजे मूठ, हेही पाचाच्याच मुळापासून आलं असावं असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे मुठीचं नातं पेयाशी निघतं, आणि मुठीने मारलेल्या ठोशाशी त्या बाजूने काहीच नातं नाही! ठोशाला मूठ मिळते ती लॅटिनकडून: 'पुग्नुस' म्हणजे मूठ, त्यावरून मुष्टियोद्धा तो प्युजिलिस्ट, आणि 'पुग्नुस' व टोचणारा 'पुंगेरे' यांचं मूळ एक मानतात.

ओलीपाटी

जपानीचं उदाहरण देते, तुम्हाला आवडेल. तिथे हा शब्द दोनदा वेगवेगळ्या वेळी शिरला आणि दोन रूपांत राहिला. पेयाचा पंच 'पोंची', फिटरकाकांचा सेंटर पंच 'सेंता पोंची', आणि १८६२ मध्ये योकोहामाला निघालेल्या 'जपान पंच' या इंग्रजी नियतकालिकावरून व्यंगचित्रांना 'पोंची-ए' म्हणू लागले. मागाहून आलेला ठोसा मात्र 'पांची'. कागदाला भोक पाडायचा पंचही 'पांची'. इंग्रजीत जे कानाला एकसारखे, ते जपानी कानाने वेगळे ठेवले, पण मुळाप्रमाणे नव्हे, कधी आले त्याप्रमाणे.

आणि 'पोंझू' हा तिथला आंबट सॉस. डच लोक पंचला 'पोंस' म्हणत, तो शब्द त्यांच्या व्यापारातून जपानला गेला. शेवटचा 'स' जपानी 'सु'शी, म्हणजे सिरक्याशी, जुळला आणि पोंझू झाला. दर्यावर्दींचं मूळ खरं धरलं, तर आपला पाचाचा आकडा तिथे सॉसच्या बाटलीवर बसलाय. हे लिहिताना 'बहुधा' विसरायचा मोह होतोय.

दुभाषी

सगळ्यांची फार ऋणी आहे. एक कबुलीही देते. त्याच कथेत पुढे 'पंच-ड्रंक' शब्द आहे, तोही मी पेयाशी जोडून 'पंच पिऊन झिंगलेला' असा केला होता. काल रात्री दुरुस्त केला. तो ठोशांचा आहे: डोक्यावर वर्षानुवर्षं ठोसे खाऊन मुष्टियोद्ध्याची चाल आणि बोली अडखळू लागते, ती अवस्था. १९२८ मध्ये मार्टलँड या डॉक्टरांनी याच नावाने त्यावर वैद्यकीय निबंध लिहिला. एका खऱ्या आजाराला मी दारूची झिंग करून टाकलं होतं, याचं फार वाईट वाटलं.

मूळ ओळीचं असं ठरवलंय: बाहुली मराठी वाचकाला आणून द्यायची तर तळटीप लागेल, आणि तळटीप आली की प्रसंगातला ओलावा गेला. म्हणून बाहुली सोडली, पेय ठेवलं. 'पत्र दोनदा वाचून झालं. भांड्यातला पंच निवत गेला, आणि म्हाताऱ्याचा आनंद चेहऱ्यावर मावेना.'

खिळेजुळारी

ओळ छान उतरलीय. फक्त 'भांड्यातला पंच' वाचून क्षणभर भांड्यात बसलेला माणूस दिसला. आमच्याकडे खिळ्याचा तो पंच, मैदानातला तो पंच, तोंडावर बसला तो पंच. पेय नपुंसकलिंगी करून पाहा: ते दूध, ते सरबत, तसं ते पंच. इंग्रजीला लिंग नाही म्हणून तिथे कोशकाराला आकडे द्यावे लागले. आपल्याला एका मात्रेत भागेल.

दुभाषी

बदललं, काका. 'पत्र दोनदा वाचून झालं. भांड्यातलं पंच निवत गेलं, आणि म्हाताऱ्याचा आनंद चेहऱ्यावर मावेना.' आज संपादकांकडे पाठवतेय.